उलट्या अढीचे वीस आकडे

५ जानेवारी १९५७, शनिवार

चौदा! वीस हवे होते आणि चौदालाच सुगंधा खाली मातीत. दुसरं वर्ष चालू आहे — तोच मल्लखांबाचा दोर, तीच पहिली यत्ता. तिच्याच दिवशी नाव घातलेली शेजारच्या दीपचंदजींची कुसुमलता तिसरीत पोचलीसुद्धा. आमची अजून बिनफितीची.

हे कापसाच्या जिनातून आले ते विचारतच, "गेली का वरती?" मी म्हटलं, "नाही, चौदाला सुटली." म्हणाले, "हनुमानजयंतीपर्यंत बघू. नाही गेली तर नाव काढायचं नि शिवणाच्या वर्गाला घालायची. दोन वर्षं एकाच यत्तेत म्हशीसुद्धा बसत नाहीत!"

सुगंधा दाराआडून ऐकत होती. आठ वर्षांची पोर. रडली नाही, पण ताटातली भाकरी तशीच ठेवून उठली. म्हणजे मनाला लागलं.

८ जानेवारी, मंगळवार

आज मुद्दाम व्यायामशाळेत जाऊन बसले. पंडितमास्तर मोठ्या मनाचे — मुलींसाठी वेगळा वर्ग काढणारे गावात तेच पहिले. पहिलीत कोलांट्या, पाठीची कमान, पायाच्या अंगठ्यात दोर धरून चढणं. सुगंधाला हे सगळं येतं. अडतं ते शेवटच्या पायरीला — उलटी अढी. दोराला मांड्यांची मिठी मारायची, डोकं खाली सोडायचं, दोन्ही हात मोकळे, आणि मास्तर वीस म्हणेपर्यंत तसंच राहायचं! ते झालं की कमरेला हिरवी फीत, दुसरी यत्ता. दर शनिवारी चार वाजता मास्तर मोजतात — मारुतीचा वार म्हणून.

कुसुमलता तर दोरावर पद्मासन घालून बसली. घंटेसारखी हलत होती. मला खालूनच घेरी आली.

११ जानेवारी, शुक्रवार

मारुतीरायाला बोलले. सुगंधा दुसरीत जाईपर्यंत माझे शनिवार कडकडीत, दिवेलागणीला सोडायचे. सुगंधा म्हणाली, "मीपण धरते आई. परीक्षा माझी आहे ना?" ऐकून ऊर भरून आला. एवढ्याशा जिवाला केवढी समज!

१९ जानेवारी, शनिवार

अकरा.

२९ जानेवारी, मंगळवार

आज सहज म्हणून मास्तरांनी मोजले — अठरा! उड्या मारतच घरी आली.

२ फेब्रुवारी, शनिवार

दहा. मंगळवारी अठरा आणि मारुतीच्या वारीच दहा? दृष्टच लागली म्हणायची. मीठ-मिरच्या ओवाळून टाकल्या. मिरच्यांचा ठसकासुद्धा आला नाही — म्हणजे खरीच दृष्ट!

१६ फेब्रुवारी, शनिवार

नऊ. देवा, तुझ्या मनात आहे तरी काय?

२१ फेब्रुवारी, गुरुवार

आज गच्चीवर पापड वाळत घातले होते. सुगंधा हातांवर चालण्याचा सराव करत आली ती थेट पापडांत! एकवीस पापड मोडले. मी लाटणं घेऊन धावले तर ही उलटीच पळाली — हातांवर! सात-आठ पावलं तरी टाकली असतील. मग मलाच हसू फुटलं. हातांवर चालणं म्हणजे दुसऱ्या यत्तेचा धडा. वरच्या वर्गाचं येतं आणि खालच्यात अडकलीय!

यांना तळलेल्या तुकड्यांचा चुरा वाढला. "हे काय?" म्हणाले. म्हटलं, "शिवणाच्या वर्गात हे झालं नसतं." हसले. पण हनुमानजयंतीचं म्हणणं काही मागे घेतलं नाही.

२ मार्च, शनिवार

लाज वाटावी असा दिवस. लिहूनच टाकते.

एदलाबादहून सासूबाई आल्यात. नातीचं बघायचं म्हणून माझ्याबरोबर व्यायामशाळेत आल्या. पहिलं तर लुगड्याचा पदर तोंडाला लावून बसल्या — "पाय आभायात, डोकं खाली, हे कशाचं शिक्शन व माय!" सुगंधा चढली. आठ म्हणेतो खाली आली आणि मातीतच बसून राहिली. चेहरा पांढराफटक. मास्तर आले. मला म्हणाले, "बाई, पोरीनं सकाळपासून काय खाल्लंय?"

म्हटलं, "कडक शनिवार आहे तिचा. माझ्याबरोबर धरलाय."

मास्तरांनी कपाळावर हात मारला. "दर शनिवारी? आणि मी मोजतो शनिवारी!"

मी म्हटलं, "मारुतीचंच आहे ना सगळं —"

"अहो, मारुतीनं जन्मल्याबरोबर सूर्यावर झेप घेतली ती कशानं? भूक लागली म्हणून! फळ समजून खायला निघाला होता तो. उपास करायला नाही!"

सासूबाई तर पेटल्याच. "लेकराले उपाशी टांगते, आन् देवाले म्हनते सांभाय! मॅट्रिक झाली न इतकंबी कयत नही?" ओच्यातून केळं काढलं आणि तिथंच नातीला भरवलं. शनिवार मोडला. सुगंधा एकदा केळ्याकडे बघे, एकदा माझ्याकडे. मी म्हटलं, "खा." माझ्या डोळ्यांत पाणी. मीठ-मिरच्या कुणावरून ओवाळल्या मी? दृष्ट तर माझीच होती!

३ मार्च, रविवार

बोललेलं मोडायचं कसं, म्हणून पहाटे मारुतीपुढे उभी राहिले. तिचे शनिवार माझ्याकडे वळते केले. म्हणजे मी आता मंगळवारही धरायचा. रायाची हरकत दिसली नाही.

९ मार्च, शनिवार

दुपारी तूप लावून दोन भाकरी, वर गूळ. सोळा!

६ एप्रिल, शनिवार

एकोणीस! एकोणीस!! मास्तर म्हणाले, "विसाव्यालाच सुटली, बाई. पुढच्या शनिवारी वर्षाची परीक्षा. धुळ्याहून परीक्षक येतात, तिथं निघेल."

हे ऐकत होते. म्हणाले, "बघू." पण मग गच्चीत तिला हळूच विचारत होते, "खाली डोकं असताना भीती वाटते का गं?" ती म्हणाली, "पहिल्या पाचाला वाटते. मग सगळं उलटं दिसतं ना, त्याची गंमत वाटते."

१३ एप्रिल, शनिवार

सासूबाई होत्याच; जिन अर्धा दिवस, म्हणून हेही आले. मागे खांबाला टेकून उभे. परीक्षक नाना मोठे भरदार, मिशा पिळलेल्या. आवाज असा की दोर हलावा.

सुगंधानं सलामी दिली, चढली, अढी घातली, हात सोडले. मी डोळे मिटले. एक, दोन… बारा, तेरा — आणि नानांना शिंक आली! केवढी शिंक! माझे डोळे उघडलेच. मुली फिसकन हसल्या. त्यांनी मिशा पुसल्या आणि पुढे, पंधरा, सोळा… वीस! टाळ्या. कुसुमलता नाचायला लागली. मास्तर हिरवी फीत घेऊन पुढे आले.

आणि ही खाली उतरून, सलामी देऊन म्हणते कशी, "नाना, तुम्ही चौदा म्हणालाच नाहीत."

नाना म्हणाले, "म्हणजे?"

"म्हणजे एकोणीसच झाले."

खरं लिहिते — त्या क्षणी मनात आलं, गप्प बस ना गं पोरी! एक आकडा गिळलास तर कुणाचं काय जातं? रामा, मला क्षमा कर.

नाना पोट धरून हसले. मग म्हणाले, "खरं बोललीस. पण नियम म्हणजे नियम. पुन्हा वीस." पुन्हा चढली. मिठी सैल पडलेली खालूनसुद्धा दिसत होती. दहा… चौदा ("हा घे चौदा!" नाना ओरडले)… सतराला सुटली.

पहिलीतच राहिली.

वाटेत यांनी तिला खांद्यावर घेतलं होतं. आठ वर्षांची घोडी! सासूबाई वाटभर पुटपुटत होत्या, "शिंकेनं पोरीची फीत खाल्ली." मी घरी येऊन दिवा लावला.

१४ एप्रिल, हनुमानजयंती

हे सकाळीच व्यायामशाळेत गेले. बोलल्याप्रमाणे नाव काढायला गेले, असंच मी धरून चालले. सुंठवडा कुटायला घेतला. तासाभरानं आले. सुगंधाचं नाव ठेवून आले — आणि खाली स्वतःचंही घालून! पुरुषांचा सकाळचा वर्ग, यत्ता पहिली. "तिला सतरा जमतात, मला किती जमतात ते तरी कळू दे," म्हणाले. धोतराचा काचा मारून अंगणात उभे राहिले. सुगंधा कमरेवर हात ठेवून म्हणाली, "बाबा, आधी सलामी."