वरचे तीन मजले

३ जानेवारी, सकाळी
जगात आजवर सिंहासनावरून युद्धं झाली, खुंटीवरून झाल्याची नोंद नाही. व्हायला हवी होती. बाथरूमच्या दारामागची खुंटी लग्नापासून माझ्या टॉवेलची. आज तिथे जावयाचा खाकी शर्ट. टॉवेल खांद्यावर ठेवून अंघोळ केली. टॉवेलची झाली.

जावई सिटी बस चालवतो. घरभाडं परवडेना म्हणून तो आणि लेक आमच्या हॉलमध्ये राहायला आलेत. लेकीला तिसरा महिना. ही म्हणते, बाळ येण्याच्या आत त्यांचं घर होऊ दे, आणि तेही हाकेच्या अंतरावर.

निश्चय: खुंटीचा प्रश्न मुळापासून सोडवणे. म्हणजे शहराचा घरप्रश्न.

९ जानेवारी
पालिकेच्या घरबांधणी समितीवर मी नागरिक प्रतिनिधी. (तिथे चहा बरा असतो.) आज योजना मांडली. आमच्या घरासमोरचा बंद पडलेला बस डेपो पालिकेचाच, म्हणजे जमिनीला पैसा नाही. तिथे आठ मजले चढवा. वरचे तीन पैसेवाल्यांना चढ्या भावात विका. त्या पैशांतून खालची चाळीस घरं कमी पगारवाल्यांना स्वस्तात द्या. श्रीमंत वर, गरीब खाली, पालिकेचा खिसा शाबूत. टाळ्या. पालिकेच्या इंजिनियरनेही एक वाजवली. डास होता म्हणाला. मत्सर!

२० फेब्रुवारी
सोडत निघाली. लेकीचा नंबर एकोणतिसावा. घर पक्कं! ही रडली. जावई पाया पडला. आशीर्वाद दिला आणि खुंटीचं काय ते विचारून घेतलं.

१ मार्च, सकाळी
इंजिनियरने डेपोच्या जागेवर दोरीला बांधून लाल फुगा सोडला. इमारत इथवर येणार म्हणे. फुगा बरोब्बर माझ्या गॅलरीतल्या उन्हाच्या आड. ज्या उन्हात मी पेपर वाचतो, त्या! ही इमारत कुठल्या शहाण्याच्या डोक्यातून निघाली?

(माझ्या. पण फुगा नव्हता तेव्हा.)

४ मार्च
रीतसर हरकत नोंदवली. गरिबांच्या घराला माझा विरोध नाही, मी काय राक्षस आहे? विरोध फक्त वरच्या तीन मजल्यांना. ते श्रीमंतांचे. खालच्यांना धक्का लागायचं कारणच नाही. पत्राखाली समितीतलं पद लिहिलं, वजन पडतं. हिला बोललो नाही. सत्कार्य गुपचूप करावं.

२२ एप्रिल
विजय! तीन मजले रद्द. इंजिनियर म्हणाला, आता पैशांचं गणित नव्याने मांडावं लागेल. म्हटलं, मांडा की, पगार कशाचा घेता?

५ मे
नवी यादी लागली. स्वस्त घरं चाळीसची दहा. पहिले दहा नंबर राहिले, लेक बाहेर.

इंजिनियरला फोन लावून झाडला. कुठल्या गाढवाने घरं कापली म्हणून विचारलं. तो शांतपणे म्हणाला, साहेब, वरचे मजले गेले, त्यांचे पैसेही गेले. खालची घरं स्वस्तात द्यायची कशातून? आणि गाढवाचं पत्र फाइलला आहे, वाचून दाखवू? दाखवलं. भाषा ओघवती होती. दुर्दैवाने फोन स्पीकरवर होता.

ही भांडी पुसत होती, ती थांबली. म्हणाली, अहो, ऊन तरी तुमच्या नावावर झालं का? लेकीने हिच्या हातातलं फडकं घेऊन उरलेली भांडी पुसली. त्यापेक्षा बोलली असती तर बरं. जावई म्हणाला, जाऊ द्या बाबा, माझी बस शेवटच्या स्टॉपपर्यंत जातेच, तिकडे बघतो खोली.

८ मे
हार मानणार नाही. पहिल्या हरकतीवर दुसरी हरकत घ्यायची! खिडकीवरचा कारकून म्हणाला, स्वतःच्या हरकतीवर स्वतः हरकत घेता येत नाही, दुसऱ्या कुणाची तरी सही आणा. हिच्याकडे कागद नेला. हिने विचारलं, सही कागदावर करू की तुमच्या कपाळावर?

२ जून
हरकतीची मुदत संपल्याचं कळलं. मी कारकुनाच्या खिडकीवर गेलो त्याआधीच संपली होती. हिची सही झाली असती तरी उपयोग नव्हता. म्हणजे दोष हिचाही नाही. तसं तिला सांगायला गेलो. सांगितलं नसतं तर बरं.

१४ जून
शेवटच्या स्टॉपच्याही पुढे दोन खोल्या मिळाल्या. आज टेम्पो आला. सामान कसं लावायचं याबद्दल मी वरून सूचना देत होतो. कुणी वर बघेना.

बाळंतपणाला ही तिकडेच राहणार. टेम्पोत पुढे लेकीशेजारी बसली. खाली जाऊन परत कधी येशील विचारलं. बघू म्हणाली. जावई ड्यूटीवर गेलेला.

टेम्पोवाला दोर आवळत होता. सहज विचारलं, हिशेब झाला ना? निम्मे दिलेत म्हणाला, बाकीचे जावईसाहेबांचा पगार झाला की. टेम्पोच्या मागे जाऊन बाकीचे दिले. त्याने विचारलं, साहेबांना काय सांगू?

म्हटलं, काही नको. सावकाश चालवा.