पेटीखालची अक्षरं

उंब्रज
११ फेब्रुवारी २०२४

चि. शालूस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. उत्तराला उशीर झाला तो कॉम्प्युटरमुळे. सकाळी चालू केला की पडदा उजळेपर्यंत भामाच्या भाकऱ्या होतात. मी कळ दाबतो. अक्षर उमटत नाही. भामा चमच्याने चहा पाजते. तो गिळायला हल्ली वेळ लागतो. गिळून होतो तेव्हा पडद्यावर ‘शा’ आलेला असतो. ‘लू’ यायला दुसरा चमचा. पाणी हवं असं टाईप करेपर्यंत भामा पाणी देऊन गेलेली असते.

आवाज पावसाळ्यात गेला, डावा हात दिवाळीत. आता उजव्या हाताचं एक बोट माझं ऐकतं. मोबाईलवर ते दोन अक्षरांवर एकदम पडतं, म्हणून हा कॉम्प्युटर. कचेरीतून निवृत्त झालो तेव्हा साताऱ्याच्या दुकानदाराकडून यात टाईपरायटरसारखं मराठी घालून घेतलं होतं. डोळे मिटले तरी बोट कळ चुकत नाही.

कराडच्या डॉक्टरांनी एक विचारलं आहे. छाती कमी पडेल तेव्हा गळ्याला भोक पाडून नळी बसवायची का. मग यंत्र श्वास देईल. यातून पुन्हा मोकळा श्वास येणार नाही, हेही त्यांनी सांगितलं. मी टाईप केलं की उत्तर लेखी देईन. डॉक्टर हसले. मी थट्टा करत नव्हतो.

भामाला हो हवं आहे. ती विचारते, मी तिच्या तोंडाकडे बघतो, आणि माझा विचार मोडतो. म्हणून तो लिहूनच करायला हवा. अजून पुरा झालेला नाही. मी आणि हे यंत्र, कोण आधी बंद पडेल सांगता येत नाही.

धैर्यशीलला आशीर्वाद. माया आहे तशीच राहू दे.

तुझा,
दादा

&nbsp;

पलूस
१७ फेब्रुवारी २०२४

ति. दादास,
कृ. शि. सा. न.

पत्र तीनदा वाचलं. व्हिडिओ कॉलवर तू गप्प बसतोस आणि मी रडते, त्यापेक्षा हे बरं.

‘शा’ आणि ‘लू’ वाचून हसले. मग हसल्याची लाज वाटली. कराडच्या टायपिंग क्लासात तू माझ्याआधी पान संपवून माझ्याकडे बघत बसायचास, ते आठवलं. मास्तर यंत्रावर लाकडी पेटी ठेवायचे. हात पेटीच्या आत, अक्षरं झाकलेली. मी खाली वाकून डोकावायला गेले की तू खोकायचास, म्हणजे मास्तर माझ्याकडे बघत. तू परीक्षा पास झालास आणि माझं परीक्षेआधी लग्न झालं. आजही कुणाशी बोलताना पदराखाली माझी बोटं समोरच्याचे शब्द टाईप करतात. कुणाला सांगू नकोस.

धैर्यशीलशी बोलले. कारखान्यातले कॉम्प्युटर तोच बघतो. तो म्हणतो, आई, त्यात वर्षानुवर्षांचा गाळ साचलाय, फॉरमॅट मारून नवीन विंडोज टाकली की मामांचं यंत्र पळेल. तुझ्या वस्तूंना हात लावलेला तुला खपत नाही, मला माहीत आहे. पण दादा, हट्ट करू नकोस. तुला एका वाक्यासाठी सकाळ घालवावी लागते, हे मला सोसत नाही. मी त्याला रविवारी पाठवते आहे. तू नाही म्हणण्याआधी तो पोचलेला असेल.

डॉक्टरांचं उत्तर लवकर लिही. मी वहिनींच्या बाजूची आहे, हे लपवत नाही. हो लिही.

धाकटीवरचा लोभ कमी करू नकोस.

तुझी,
शालू

&nbsp;

पलूस
२७ फेब्रुवारी २०२४

ति. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

परवा घाईत निघालो. शेवटची एसटी गाठायची होती, म्हणून तुमच्याकडून टाईप करून बघायचं राहिलं. मामींनाही नीट समजावलं नाही. म्हणून लिहितो.

कॉम्प्युटर पूर्ण पुसून विंडोज नव्याने टाकली आहे. आता पडदा लगेच येतो. त्याआधी तुमच्या सगळ्या फाईली पेनड्राइव्हवर घेतल्या आणि पुन्हा जागच्या जागी ठेवल्या. एकही गेलेली नाही. जुन्या फाईली उघडल्यावर अक्षरं विचित्र दिसतात, ती जुन्या फॉन्टमुळे. त्यावर उपाय शोधतो. पुढच्यासाठी हल्लीची मराठी चालू करून दिली आहे. ती कुठेही वाचता येते. कळांवर मराठी अक्षरांचे स्टिकर लावले आहेत, म्हणजे तुम्हाला शोधावं लागणार नाही.

मी निघताना तुम्ही माझ्याकडे बराच वेळ बघत होतात. काही सांगायचं होतं का? आता पटकन टाईप करता येईल. वाट बघतो.

भाच्यावर आहे तशी मर्जी असू द्यावी.

आपला,
धैर्यशील

&nbsp;

उंब्रज
१५ मार्च २०२४

वन्सं शालूबाई यांस,
भामाचा नमस्कार.

फोन करत न्हाई कारण ह्यांस्नी सगळं ऐकू जातं. कान तेवढं शाबूत हायती.

कॉम्प्युटर आता लय पळतो. पर ह्यांचं डोकं गेलं, वन्सं. धैर्यशील गेल्यावर मी ह्यांस्नी बसवलं. ह्यांनी बोट चालवलं आन पडद्यावर आलं ते कुणालाच वाचता येईना. काना कुठं, मात्रा कुठं, नुसता चिवडा. ह्यांनी सगळं पुसायला लावलं आन परत तेच. बारकं पोर पाटीवर रेघोट्या मारतं तसं. घाम फुटला, डोळ्याला पानी आलं. मी म्हनलं, आवं ऱ्हाऊ द्या. डॉक्टरला सांगितलं तर ते म्हनले ह्या नसांच्या दुखण्यात एखाद्याचं डोकंबी जातं. मग मी त्या कॉम्प्युटरवर चादर टाकली. बघवत न्हाई. धैर्यशीलला कळवलं न्हाई. लेकराला उगं हुरहूर.

आता बोट खुर्चीच्या हातावर आपटत बसत्यात, सकाळपासनं. शेजारची म्हनती नस उडत आसंल.

रात्री श्वास अडकतो. म्या उशाला बसून मोजते. पुढचा येतो का न्हाई, ह्याच्यावरच ध्यान.

काल भावकीतले आप्पासाहेब भावजी आले. त्यांनी मोठ्यानं विचारलं, जोतीराम, नळी बसवायची न्हवं? ह्यांची मान खाली गेली. भावजी म्हनले, झालं, व्हय म्हनला. मी सही केली. बुधवारी सत्तावीसला कराडला न्यायचं.

मान तशीबी पडती, वन्सं. दिवसातनं किती येळा पडती, मीच उचलून धरते. पर त्या येळी पडली ती मी व्हय धरली. मला दुसरं काय धरायला हाय?

त्याआधी एकदा येऊन जावा. आमच्यावरची माया पातळ करू नगा.

तुमची,
भामा

&nbsp;

उंब्रज, पुढची खोली
२४ मार्च २०२४

सौ. भामावहिनींस,
सा. न.

तुम्ही स्वयंपाकघरात आहात. मधे एक भिंत आहे. तरी लिहिते, कारण तोंडाने सांगायला मी सकाळपासून तीनदा उठले आणि तीनदा बसले.

दादाचं डोकं गेलेलं नाही.

चूक माझी आणि धैर्यशीलची आहे. कॉम्प्युटर पुसला तेव्हा दादाचं टाईपरायटरचं मराठी त्याबरोबर गेलं. नव्या मराठीत अक्षरं वेगळ्या कळांवर आहेत. दादाचं बोट जुन्या जागी जात होतं आणि पडद्यावर भलतंच येत होतं. आपण म्हणालो, याला कळत नाही. त्याला तेव्हाही सगळं कळत होतं. परवा धैर्यशील साताऱ्याला गेला. दुकान बंद होऊन बरीच वर्षं झाली. त्याने दुसरं एक टाईपरायटरचं मराठी शोधलंय, पण त्यातही ‘ळ’ आणि रफार भलतीकडे. नवीन शिकायला दादाच्या बोटाकडे ताकद नाही.

तुम्ही खुर्चीच्या हातावर आपटणाऱ्या बोटाचं लिहिलंत, तेव्हाच मला शंका आली. माझी बोटं तसंच करतात.

आज तुम्ही देवळात गेलात तेव्हा मी चादर काढली. कीबोर्डची वायर उपसली, स्टिकर खरवडून काढले आणि कीबोर्ड त्याच्या मांडीवर ठेवला. पडदा नको, मला फक्त कळा हव्या होत्या. त्याचं बोट एका कळेवर गेलं. मला काही आठवेना. मग मी माझे दोन्ही हात टेबलावर ठेवले आणि डोळे मिटले, पेटीत ठेवायचे तसे. डोळे उघडून तो कुठली कळ दाबतो ते बघायचं, पुन्हा मिटून तीच कळ माझ्या बोटाने टेबलावर दाबायची, की बोटाला अक्षर आठवायचं. पहिलं अक्षर ‘शा’ निघालं. दुसऱ्याची मी वाट बघितली नाही, वहिनी. रडले.

मग त्याने लिहिलं ते असं.

नळी नको.

मी म्हटलं, दादा, चुकून दाबलंस. त्याने पुन्हा तेच लिहिलं, तितकंच सावकाश. मी म्हटलं, ‘ळ’ची जागा मला नीट आठवत नाही, मी चुकत असेन. तो खोकला. क्लासात खोकायचा तसा.

मग लिहिलं की विचार पुरा झाला होता, लिहायला बसणार त्या रविवारी धैर्यशील आला. धैर्यशीलला बोलू नको, यंत्र पळतंय. मग थांबून लिहिलं की भामा रात्रभर श्वास मोजते ते मला कळतं. यंत्र लागलं तर ती कधीच झोपणार नाही. मग लिहिलं, मी मान हलवली नव्हती.

तुम्ही देवळातून आलात आणि मी कीबोर्डवर पदर टाकला. तेव्हापासून ही एक गोष्ट मनात येते आहे, ती लपवत नाही. हे वाचायला या घरात मला एकटीलाच येतं. मी गप्प बसले तर बुधवारी नळी बसेल, आपला माणूस राहील आणि कुणी कुणाला दोष देणार नाही. मलाही तो हवा आहे. मीच त्याला हो लिही म्हणून लिहिलं होतं.

आत्ता मी पदर बाजूला केला तर त्याने एकच शब्द लिहिला. सांग.

हे पान चहाच्या डब्याखाली ठेवते. दुपारच्या चहाला डबा उचलाल तेव्हा सापडेल. वाचून बाहेर या. रागावायचं असेल तर माझ्यावर रागवा, त्याच्या समोर नको. तुम्हाला जे विचारायचं ते त्यालाच विचारा. जे येईल ते मी तुम्हाला वाचून दाखवीन, एक अक्षर इकडचं तिकडे करणार नाही.

फक्त वहिनी, विचाराल तेव्हा त्याच्या मानेकडे बघू नका. बोटाकडे बघा.

तुमचा लोभ आजनंतर उरेल का माहीत नाही. तरी मागते.

तुमची,
शालू