शिळांना वळसा घालून

सिद्धगड पायथा, ३ डिसेंबर २०२४

ती. सावळाभाऊस कमळचा शि. सा. न. वि. वि.

इथं रेंज नाय, म्हणून कागद. आमच्या पाड्याला रस्ता मंजूर झाला, पण आखणी नेमकी माझ्या शेताकडेच्या मोठ्या शिळांवरून. कॉलेजातल्या शीतल मॅडम बोलल्या, ते हजारो वर्षांपूर्वीचं थडगं आहे, आत माणसं असतील. ठेकेदार बोलतो, फोडून खडी करू. मी बोलले, हात लावून बघ. आता अख्खा पाडा माझ्यावर चिडलाय. काय करू, सांग.

माया आहेच, ती तशीच राहू दे.
कमळ

सापगाव, ११ डिसेंबर

चि. कमळ हिस अनेक आशीर्वाद.

अगो, मेलेल्यांसाठी जित्यांशी भांडतेस? गेल्या पावसात तुझ्या सुनेला, राहीला, कळा सुटल्या तेव्हा झोळी करून सडकेपर्यंत नेली, ते विसरलीस? रस्ता अडवू नको. वहिनीनं तुझ्यासाठी सुकट बांधून ठेवलीय.

रागावलीस तरी पत्र धाड.
सावळाराम

सिद्धगड पायथा, १९ जानेवारी २०२५

ती. भाऊस शि. सा. न. वि. वि.

रागावले होतेच. पण तुझं खरं होतं, रस्ता हवाच. मग ग्रामसभेत उभी राहिले नि बोलले, शिळा सोडा, रस्ता माझ्या खाचरातून न्या. राही पोराला कडेवर घेऊन माझ्या बाजूला येऊन उभी राहिली. मग तानी म्हातारी बोलली, कमळनं एकटीनं का द्यायचं, थोडा माझाही बांध घ्या. रस्त्याच्या साहेबांनी आखणी बदलली.

काल मॅडमच्या लोकांनी आमच्या देखत माती काढली. आत एक बाई, तिच्या कुशीत तान्हं पोर. उशाशी मातीचं वाडगं. मॅडम बोलल्या, एवढ्या शिळा ओढायला गावच्या गाव लागलं असेल. एका बाळंतिणीसाठी, भाऊ! चिडलेले बापयेपण डोळे पुसत होते. ठेकेदारानं चपला काढल्या.

वहिनीला घेऊन ये, बघून जा.
कमळ

सापगाव, २७ जानेवारी

चि. कमळ हिस,

तुझं पत्र आटगावच्या टपरीवर मोठ्यानं वाचून दाखवलं. कोणी विचारलं, ही कोण? बोललो, माझी सख्खी बहीण. दोनदा बोललो.

रविवारी आमी दोघं येतो. वयानं मी मोठा, आशीर्वाद माझ्याकडून जायला हवा. पण या खेपेला नमस्कार घे गो.

तुझा भाऊ,
सावळाराम