थोरल्याच्या भिंतीवरची काच

४ जानेवारी
आजपासून रोजनिशी. मोठी माणसं लिहितात. भर शहरातले तीन टॉवर, ज्यांना सगळे थोरला, मधला आणि धाकटा म्हणतात, त्यांच्या पुनर्बांधणीचं डिझाइन माझं. बावीस वर्षं दुसऱ्यांच्या बिल्डिंगांचे जिने आणि संडास काढले. आता बघा म्हणावं. धाकटा पाडून झालाय, तिथे साठ मजली नवा उभा राहील, खाली पाच तळघरं. मधला रिकामा आहे. थोरला मात्र चालू राहणार, एकही भाडेकरू हलवणार नाही, असा शब्द मी भर सभेत कमिटीला दिला. टाळ्या पडल्या. चौथ्या मजल्यावर आमच्या लेकीचा दातांचा दवाखाना आहे, तिनेही वाजवल्या.
संकल्प : रोज सकाळी सहाला साइटवर. चिडायचं नाही.

१९ जानेवारी, सकाळी दहा
सहाला जाग आली नाही.
तळघरांचं खोदकाम जोरात. थोरल्याच्या चौथ्या मजल्यावर, जिन्याशेजारी, एक भेग. केसाएवढी. स्ट्रक्चरवाल्या बाईंनी तिच्यावर काचेची पट्टी चिकटवून तारीख घातली. म्हणाल्या, पट्टी फुटली तर भेग वाढतेय असं समजायचं आणि खोदकाम थांबवायचं. बाई मुळातच घाबरट.

२ फेब्रुवारी
पट्टी फुटली. काच हलकी असणार. मुकादमाकडून नवी लावून घेतली, तारीखही आजची घातली. जुनी ठेवणं अप्रामाणिकपणाचं झालं असतं.

११ फेब्रुवारी
पुन्हा फुटली. दवाखान्याचं दार आपटत असणार. लेकीला म्हटलं, जरा हळू लावत जा. ती म्हणाली, बाबा, ते हल्ली लागतच नाही. सुतार पाठवून दार तासून दिलं. बापाने एवढं करायलाच हवं. नवी पट्टी. कमिटीला रिपोर्ट : आजमितीस एकही पट्टी फुटलेली नाही. शब्द न् शब्द खरा आहे.

९ मार्च
बाईंनी लेखी दिलं, थोरला ताबडतोब रिकामा करा. बाई बदलल्या. नवे गृहस्थ फार समजूतदार. साइटवर येतच नाहीत.
मुकादमाची माणसं आजकाल थोरल्याच्या सावलीत डबा खात नाहीत. पलीकडे, भर उन्हात बसतात. विचारलं तर म्हणे, इकडे वारा बरा लागतो. चिडलो. संकल्प पुन्हा पहिल्यापासून.

२८ मार्च
काच हे जुनं तंत्र. प्लॅस्टिकची पट्टी लावली. वाकते, फुटत नाही. इतक्या वर्षांत हे कुणाच्याच डोक्यात कसं आलं नाही.
लेक सांगत होती, ट्रेमधली हत्यारं आपोआप एका कोपऱ्यात जमा होतात. म्हटलं, ट्रे बदल. ती हसली. मग हळूच विचारलं, काळजीचं काही नाही ना? अजिबात नाही, म्हटलं. पुन्हा विचारलं नाही. तिचा माझ्यावर फार विश्वास आहे. लहानपणापासून.

७ एप्रिल
प्लॅस्टिकची पट्टी फुटलेली नाही. उचकटून खाली पडली होती. भेगेत बोट जातं. म्हणजे करंगळी. भिंतीवर पॅनेल ठोकून घेतलं, लाकडी, छान दिसतं. मुकादम आला नाही. त्याची माणसंही नाहीत. मला वाटलं रविवार असेल. मंगळवार आहे.

८ एप्रिल, सकाळी सात
आज सहाला साइटवर होतो. झोपच लागली नव्हती.
पॅनेलमागून आवाज येतो. वाळू सांडावी तसा. थांबतो, पुन्हा सुरू होतो. मला भीती वाटतेय.
लेकीला फोन केला, आज दवाखान्यात जाऊ नकोस. का म्हणून विचारलं. आईला बरं नाही म्हटलं. तर म्हणे, आईशी आत्ताच बोलले, ठणठणीत आहे. मग तिने विचारलं, आणि बाकीचे? मी पुन्हा म्हटलं, तू जाऊ नकोस. तिने फोन ठेवला.

८ एप्रिल, दुपार
थोरला रिकामा झाला. मी केला, असं लिहिणार होतो. तिने केला. मजल्यामजल्यावर जाऊन, दारं ठोठावून. लोकांना सांगत होती, माझे बाबा या कामाचे आर्किटेक्ट आहेत, त्यांनी बाहेर पडायला सांगितलंय. म्हणून लोकांनी ऐकलं. खाली येईल तो माझा हात हातात घेऊन आभार मानत होता. मी मान हलवत होतो.
ती सगळ्यात शेवटी उतरली, एका म्हाताऱ्या पेशंटला धरून. सगळ्यांसमोर विचारलं, बाबा, तुम्हाला कधीपासून माहीत होतं? जानेवारीपासून, म्हटलं. का कोण जाणे, खरंच सांगून टाकलं. एका गृहस्थाने माझा हात धरला होता, तो त्याने सोडला. तिने म्हाताऱ्याला टॅक्सीत बसवलं, शेजारी बसली आणि गेली.

८ एप्रिल, संध्याकाळ
थोरला अजून उभा आहे. आवाज आता रस्त्यावरूनही ऐकू येतो म्हणतात.
घरी आलो. हिला म्हटलं, लेक जेवायला येईल. हिने दोनच ताटं घेतली.