घरपोचचा भाव

४ जाने. २००४, रवि.
दुकान अर्धा दिवस. दुपारी मेल बघितल्या. इक्बालची एक, कुवेतहून. आईला दर महिन्याला आमच्या वेबसाइटवरून सामान पाठवतो: साखर, चहा, तेल, साबण. घर जयगडच्या खाडीपलीकडे. लिहितो, "भाबी, सामान निवडतो तेव्हा एक आकडा असतो. पत्ता टाकला की शेवटच्या पानावर दुसराच. मधे काय वाढतं?"
अल्ताफला दाखवली. यूसुफचा धाकटा भाऊ, माझा दीर, पण दुकान त्याचं, वेबसाइटही त्याचीच हौस. म्हणाला, "ऑर्डर मिळाली, शुक्रिया, एवढंच लिही."
एवढंच लिहिलं.

११ जाने.
सासऱ्यांची आठवण काढत बसले. बाबा होते तेव्हा दाराबाहेर काळी पाटी असायची. रोज सकाळी खडूने भाव. तांदूळ, गूळ, कांदे. एसटीतून उतरलेल्यांपैकी कुणीतरी मोठ्याने वाचायचा, ज्यांना वाचता येत नाही ते भोवती उभे. मी लग्न होऊन आले, अक्षर बरं म्हणून बाबांनी खडू माझ्या हातात दिला. "आकडा मोठा काढ. रस्त्यापलीकडून दिसला पाहिजे."
बाजारातली माझी पहिली ओळख ती. पाटीवाली सून.
काउंटर नवा केला तेव्हा पाटी गेली. कुठे, कुणालाच माहीत नाही.

२३ जाने., शुक्र.
यूसुफचा फोन, दोह्याहून. थंडी आहे म्हणाला, खोलीत आता सहाजण. फोनकार्डावर छापलेली मिनिटं कधीच मिळत नाहीत, हे दर शुक्रवारी सांगतो. आजही तेच सांगत होता नि मधेच लाइन गेली. जे सांगायचं होतं ते राहिलं. माझंही.
आमच्या लहानपणी बरं होतं असं म्हणवत नाही, पण अब्बा बहारीनला होते तेव्हा कॅसेट यायची. सगळं घर टेपभोवती. अब्बा विचारायचे, "कौलं बदलली का?" नि अम्मी टेपला उत्तर द्यायची, "हो, बदलली." आम्ही हसायचो. कॅसेट मधेच तुटत नसे. दुसऱ्या बाजूलाही अब्बाच असायचे.

२९ जाने.
इक्बालची आई आज दुकानात! खतिजाबी. डोळे दाखवायला रत्नागिरीत आल्या होत्या. एवढीशी बाई, हातात कापडी पिशवी. साखरेचा भाव विचारला, पावशेर घेतली, उगाच. मग अल्ताफला, "माज्या पोराला ह्योच भाव लावतंस ना रे?"
"तोच, चाची. अल्लाशप्पथ."
खोटं नाही. साखर त्याच भावाची. वाढतं ते नंतर.
त्यांनी माझ्याकडेही बघितलं. मी चहा मागवला.

४ फेब्रु.
ईद झाली. आज दुपारी अल्ताफशी बोलले. म्हटलं, पहिल्याच पानावर सगळं लिहू. दुकानातला भाव वेगळा, घरपोचचे वेगळे, बँक कार्डाचे कापते ते वेगळे, आपला फायदा वेगळा.
"फायदासुद्धा? भाबी, कोण लिहितं फायदा?"
"बाबांची पाटी होती ना."
"पाटीवर भाव होता. फायदा नव्हता." हे मात्र खरं. पुढे म्हणाला, "दुकानात गिऱ्हाईक समोर असतं. बोलून समजूत घालता येते. तिथे तो एकटाच आकडा बघतो नि खिडकी बंद करतो."
चुकीचं बोलत नव्हता. तरी मी म्हटलं, यूसुफ दर शुक्रवारी फोनकार्डात फसतो, आणि आपण तेच करतोय.
मोठ्या भावाचं नाव काढल्यावर उठून पोती मोजायला गेला. संध्याकाळी: "कर. पण ऑर्डरी पडल्या तर तू बघ."

१५ फेब्रु.
कॉम्प्युटरच्या कोर्समध्ये शिकलेलं अर्धं विसरलेय. पान मीच बदलतेय. एक तक्ता नीट बसेना. लाइट दोनदा गेली, दोनदा पहिल्यापासून. फायद्याला काय नाव द्यावं? 'सेवा' लिहिलं, खोडलं. 'आमचा फायदा' असंच ठेवलं.
मजा येतेय. बऱ्याच दिवसांनी.

१ मार्च
चढवलं. आता पत्ता टाकायच्या आधीच सगळं दिसतं. गाव निवडलं की घरपोचचा आकडा त्या गावाचा. खाडीपलीकडचा सगळ्यात मोठा: जीप, मग होडी, मग पोतं डोक्यावर.
आमचे शांतारामभाऊ सामान पोचवतात. त्यांना दाखवलं. चष्मा वर करून म्हणाले, "म्हणजे हा मी?" तो आकडा म्हणजे ते. हसलो दोघंही.

९ मार्च
मस्कतहून एकाची मेल, शाबासकी दिली. एक घासाघीस करतोय, फायदा निम्मा करा म्हणतो. अ. म्हणाला, "बघ, आता फायद्याचीपण घासाघीस."

२२ मार्च
इक्बालची मेल. "भाबी, आज नीट बघितलं. सामानाइतकेच पैसे ते पोचवण्यात जातात, मला कल्पना नव्हती. घराचं काम काढलंय, स्लॅब टाकायचा आहे. आता अम्मीला पैसेच पाठवतो, गावातल्या दुकानातून आणेल. राग मानू नका. तुम्ही खरं लिहिलंत, कोण लिहितं?"
अ.ने मेल वाचली नि ऑर्डरींची वही उघडून बसला. बोलला असता तर बरं.

९ एप्रिल
ऑर्डरी कमी. गेल्या वर्षी या दिवसांत माझं जेवण दुकानातच व्हायचं. जवळच्या गावांच्या चालू आहेत, लांबच्या गेल्या.
शांतारामभाऊ आज नुसते बसून. म्हणाले, "पलीकडे महिना झाला गेलो नाही. म्हातारी वाट बघत असेल."
"सामान आता गावातच घेतात त्या."
"सामानाची नाही हो." आणि उठून जीप पुसायला गेले.
यू.चा फोन नाही.

१६ मे, रवि.
जयगडला एका लग्नघरचं सामान होतं. भाऊंबरोबर मीही गेले. उतरवून झालं. भाऊंनी जीप धक्क्यावर लावली, होडीकडे चालू लागले. मीही मागोमाग.
खतिजाबी पडवीत बसलेल्या. आधी आमच्या हातांकडे बघितलं, रिकामे. मग भाऊंकडे. "आयलास? मना वाटला इसारलास."
उजव्या हाताला पट्टी, कोपरापर्यंत. विहिरीवर घसरल्या. दोरी विरलेली, तुटली. भाऊंचा चेहरा बघवेना. आत्ता कळलं, सामान ठेवून ते तासभर थांबायचे. पाणी काढून द्यायचे, दोरी बघायचे, दिवा लावून द्यायचे, नि चाचींचं ऐकायचे. मला कधी बोलले नाहीत. आजही न सांगता थेट विहिरीवर गेले.
डाव्या हाताने चहा केला त्यांनी. मला करू देईनात. फणसाचं सांदण दिलं, अम्मी करायची तसं, वर नारळाचा रस.
"पैसे येतात गो टायमावर. माणूस नाय येत."
मी सांदणाचा तुकडा मोडला.
"पोरगा फोनवर सांगत होता, तू सगळा लिवलंस. सामानाचे किती, आणायचे किती. चांगला केलंस, खरा लिवलंस. पण शांताराम बसायचा, चाय प्यायचा, मी बोलायची ता आयकायचा. त्याचे किती लावलेलंस?"
"लावलेच नव्हते, चाची."
"मग पोराला कसा कळणार?" रागाने नाही, हसतच.
निघताना हात धरला, डाव्या हाताने. "इक्बालला हाताचा सांगू नको. पळत येईल, नोकरी जाईल. स्लॅब टाकून होऊ दे." मी हो म्हटलं. आता लिहिताना वाटतं, का म्हटलं?
होडीत भाऊ ओल्या बाह्या पिळत बसले. पाणी सपाट. मावळतीला किल्ल्याचा बुरूज काळा दिसत होता. लहानपणी अब्बांना सोडायला आम्ही असेच होडीतून यायचो. परतताना एक माणूस कमी असायचं, आणि होडी हलकी लागायची.

१७ मे
अ.ला सगळं सांगितलं. वाटलं, म्हणेल, बघ मी सांगत होतो. म्हणाला नाही. बराच वेळ काउंटरवर नखाने रेघा ओढत होता. मग, "भाऊ महिन्यातनं एकदा जयगडला जातातच. पुढं होडीचं तिकीट ते काय. मी देतो."
"ते कुठे लिहायचं?"
"कुठेच नको लिहू."
बाबांसारखा दिसला क्षणभर.

२१ मे, शुक्र.
यू.चा फोन. दिवाळीच्या आसपास येईन म्हणाला, मागच्या वर्षीही म्हणाला होता. कसा आहेस विचारलं. "एकदम ठीक." मी विचारलं, खरंच? तर म्हणतो, "तू कशी आहेस?"
"एकदम ठीक."
मग फोन ठेवला, कार्डात मिनिटं शिल्लक असून.

२४ मे
इक्बालची मेल. ऑर्डर नाही.
"भाबी, तुम्ही घरी गेला होतात असं अम्मीने सांगितलं. फार बरं वाटलं. ती म्हणते सगळं चांगलं आहे. पण काल आवाज वेगळा वाटला. शेजाऱ्यांना विचारलं तर ते अम्मीचंच ऐकतात. तुम्ही खरं सांगता, म्हणून तुम्हाला विचारतो. अम्मी कशी आहे?"
सकाळी वाचली. गिऱ्हाईक होतं, नंतर बघू म्हटलं. दुपारी बसले. 'प्रिय इक्बालभाई' लिहिलं. 'चाची ठीक आहेत' लिहिलं, पुसलं. 'चाची पडल्या होत्या' लिहिलं, त्यांचा डावा हात आठवला, तेही पुसलं.
अ. दोनदा डोकावून गेला. 
शटर ओढायची वेळ झाली. पडद्यावर इक्बालचं नाव आहे, पुढे स्वल्पविराम.