लखमीच्या अर्जातला नमुन्याचा रकाना

बोरिवली, मार्च १९८६

आये, तुझ्या लखमीचं पाया पडणं.

आम्ही बरे आहोत, पोरं शाळेत जातात. तुझा खोकला कसा आहे?

तुझी लग्नाची गाणी टेपवर जपायला अनुदान मिळतं, म्हणून पोरांच्या शाळेतल्या नलिनीबाईंनी मला अर्ज लिहायला शिकवलं. अर्ज द्यायला सरकारी हापिसात गेले तर तिथला साहेब म्हणाला, “म्हातारीला हापिसात आणा, नमुना म्हणून एक गाऊ दे.” मी म्हटलं, भिंतीवर लग्नाचा चौक लिहिल्याशिवाय, नवरा-नवरी बसल्याशिवाय लग्न लावणारी आमची धवलेरी गात नाही.

“मग अर्ज बाद.”

मी तिथंच नमुन्याच्या रकान्यात लिहिलं: वैशाखात आमच्या पाड्यावर लग्न आहे, टेप घेऊन या.

कुणाचं म्हणतेस? जानूबरोबर नांदून नऊ वर्षं झाली, खर्चापायी आमचं लग्न लावायचं राहिलंच आहे ना!

घसा सांभाळ.

नवरी होणारी तुझी,
लखमी