खर्चाची बाजू

१८ जुलै, सोमवार

ठरलं. आपल्या भागातून वॉशिंग्टनला जाऊ पाहणाऱ्या दोन्ही उमेदवारांचे हिशेब मी स्वतः तपासणार. लेम्कीचेही आणि स्टावरमबाईंचेही. पैसा कुणाकडून आला आणि कुठे गेला, हे त्यांना दर तीन महिन्यांनी सरकारी वेबसाइटवर टाकावंच लागतं. कुणीही पाहावं. पाहत कुणीच नाही.

रोज एक तास, सकाळच्या कॉफीनंतर. नवऱ्याचा, ऑर्विलचा, लॅपटॉप अजून चालतो. पासवर्ड माझंच नाव आहे, हे मला तो गेल्यावर कळलं.

कॉलेजात मी गेले नाही. पण ऑर्विलच्या आजारपणात विम्याची सगळी कागदपत्रं मीच वाचली. ती वाचणारी बाई काहीही वाचू शकते.

मी तटस्थ आहे. अंगणात लेम्कीचा फलक आहे, पण तो सेप्टिक टाकीचं झाकण दिसू नये म्हणून.

२१ जुलै, गुरुवार

आर्डिस आली नाही. शेजारच्या घरातून गुरुवारच्या कॉफीला येते, आज तीसेक वर्षं. हल्ली ती गुरुवारी स्टावरमबाईंच्या कचेरीत बसून लोकांना फोन करते. मला काही वाटलं नाही. उलट तपासाला जास्त वेळ मिळाला. दुसरा कप सवयीने भरला, तो ओतून दिला.

२६ जुलै, मंगळवार

लेम्कीने मेहुण्याच्या जागेत कचेरी थाटली आहे आणि भाडं मेहुण्याला दिलं आहे. घरच्या माणसाला मदत करणं वाईट नव्हे.

स्टावरमबाईंनी मिल्वॉकीच्या एका हॉटेलात एका जेवणावर तीनशे अठरा डॉलर घालवले. हे मात्र फार झालं. लाल शाईने लिहून ठेवलं.

२ ऑगस्ट, मंगळवार

आज देणगीदारांची नावं वाचली. दोनशे डॉलरच्या वर कुणी दिले की नाव, गाव, धंदा सगळं छापून येतं. आमच्या जनावरांच्या डॉक्टरने स्टावरमबाईंना अडीचशे दिले आहेत. बँकेतल्या त्या बुजऱ्या कारकुनाने लेम्कीला चारशे.

दुपारी दुकानात डॉक्टर भेटला. माझ्या मांजरीची चौकशी करत होता आणि मला त्याच्या तोंडाकडे बघवेना. न्हाणीघरात उघडा पाहिल्यासारखं वाटलं. ऑर्विल म्हणायचा, दुसऱ्याच्या पाकिटात डोकावू नये.

निश्चय: यापुढे जमेची बाजू उघडायची नाही. कुणी किती दिलं ती त्याची श्रद्धा. मी फक्त खर्चाची बाजू वाचणार. मन हलकं झालं.

२५ ऑगस्ट, गुरुवार

आर्डिस कुंपणाशी भेटली. म्हणाली, अगं लव्हर्न, सप्टेंबरात अग्निशमन केंद्रात स्टावरमबाईंचं मोठं जेवण आहे, मी लेफ्सा करतेय, उलटायला ये ना. आम्ही दोघी दर वर्षी मिळून लेफ्सा करतो. बटाट्याच्या त्या पातळ पोळ्या ती लाटते, मी लांब काठीने तव्यावर उलटते. मी म्हणाले, यंदा नको, मी तटस्थ आहे.

ती म्हणाली, तुझ्या अंगणात लेम्कीचा एवढा फलक उभा आहे आणि तू म्हणे तटस्थ! मग आमचा बोकाही आजपासून शाकाहारी.

मी हसले नाही. आता वाटतं, हसायला हवं होतं.

१० सप्टेंबर, शनिवार

आर्डिसच्या स्वयंपाकघरातून दिवसभर भाजल्याचा वास. उलटायला कोण होतं कोण जाणे. बहुधा कुणीच नाही. तिने एकटीने केल्या तर कडा करपतात. मला काय त्याचं.

१६ ऑक्टोबर, रविवार

नवे अहवाल आले. चर्चला न जाता वाचत बसले. देव समजून घेईल, हीही लोकसेवाच.

स्टावरमबाई, खर्चाची बाजू, नववं पान. आर्डिस रुड. कार्यक्रमासाठी खाद्यपदार्थ. सहाशे बारा डॉलर.

तीन वेळा वाचलं. चष्मा पुसून चौथ्यांदा.

गावभर सांगत होती की बाई चांगली आहे म्हणून मनापासून करतेय. आणि स्वतःच्या पोळीवर तूप असं ओढून घेतलं! शिवाय मतदानाच्या दिवशी सभागृहातल्या टेबलाशी हीच बसते. मतदारांची नावं तपासते. वीस वर्षं बसते, तिला त्याचा केवढा अभिमान. उमेदवाराचे पैसे घेऊन त्या टेबलाशी बसायचं?

कुणाला सांगायचं नाही, हा निश्चय. मी चुगलखोर नाही. ऑर्विलच्या शेवटच्या दिवसांत माझे हात थरथरायचे, तेव्हा त्याची दाढी आर्डिस करायची. ते मी विसरलेले नाही.

१८ ऑक्टोबर, मंगळवार

कुणाला सांगितलं नाही. ग्रंथालयातल्या पॉलेटला फक्त विचारलं की उमेदवाराचे पैसे घेणारी बाई मतदानाच्या टेबलाशी चालते का. नाव घेतलं नाही. पॉलेट म्हणाली, लेफ्सावाली का? ते तिचं तिने ओळखलं. मी फक्त नाही म्हणाले नाही.

२३ ऑक्टोबर, रविवार

चर्चच्या तळघरात प्रार्थनेनंतरची कॉफी. पॉलेटने बहुधा कुणाला काही सांगितलं असावं, कारण आर्डिस येऊन बसली तशा आमच्या टेबलाच्या सगळ्या आपापल्या कपात बघू लागल्या. मी काहीच बोलले नाही. फक्त आर्डिसला विचारलं, बटाटे हल्ली महाग झाले असतील ना, पण तुला परवडतं म्हणा, सहाशे बारा मिळाल्यावर.

आर्डिस म्हणाली, काय मिळाल्यावर?

मी म्हणाले, सरकारी कागदावर आहे, मी कशाला सांगू.

ती म्हणाली, लव्हर्न, मला कुणी एक सेंटही दिलेला नाही. मी म्हणाले, असं सगळेच म्हणतात. तिचा चेहरा पांढरा पडला. कप खाली ठेवला, कोट घेतला आणि गेली. तिच्या बशीतला केकचा तुकडा तसाच राहिला. मी तो रुमालात गुंडाळून घरी आणला. टाकवेना. खाववेना.

सत्य बोलणाऱ्याला त्रास होतोच. 

२५ ऑक्टोबर, मंगळवार

गावचा कारकून ड्वेन पोस्टात भेटला. मतदानाची व्यवस्था तोच बघतो. म्हणाला, आर्डिसने मतदानाच्या कामातून नाव काढून घेतलं. त्याने तिला समजावलं होतं, बाई, लोक काय, उद्या दुसरं बोलतील. ती म्हणाली, टेबलाशी बसणारीवर कुणाला शंका असेल तर तिने बसू नये.

बघा. मनात काही नसतं तर बसली असती.

हे लिहिलं खरं, पण वाचवत नाही.

२८ ऑक्टोबर, शुक्रवार

आर्डिसने आणखी कितीदा पैसे घेतले असतील ते पाहायला म्हणून जमेची बाजू उघडली. निश्चय मोडला, पण कारण योग्य होतं.

आर्डिस रुड. निवृत्त. सहाशे बारा डॉलर. वस्तूच्या रूपात देणगी, लेफ्सा.

जमेतही सहाशे बारा. खर्चातही सहाशे बारा. मला वाटलं वेबसाइट बिघडली. निवडणूक आयोगाचा मदतीचा नंबर होता, तिथे फोन केला. पलीकडची मुलगी फार गोड बोलली. म्हणाली, मॅम, कुणी पैशाऐवजी वस्तू दिली की तिची किंमत दोन्हीकडे लिहितात. आधी जमा, मग खर्च. नाहीतर उमेदवाराच्या खात्यात नसलेले पैसे आहेत असं दिसेल. मी विचारलं, म्हणजे त्या बाईला काही मिळालं नाही? ती म्हणाली, नाही मॅम, त्या बाईंनी दिलं. मग म्हणाली, बहुतेक लोकांचा इथे गोंधळ होत नाही, कारण ते जमेची बाजू आधी वाचतात.

फोन ठेवून ऑर्विलच्या खुर्चीत बसले. ती खुर्ची मी वापरत नाही.

२९ ऑक्टोबर, शनिवार

माफीचं पत्र लिहायला घेतलं. पहिला मसुदा, दोन पानं, त्यात सरकारी नियम किती किचकट आहेत ते. फाडला. दुसऱ्यात मी जमेची बाजू का वाचत नव्हते ते, म्हणजे माझ्या सभ्यतेबद्दल. वाचताना माझीच मला लाज वाटली. तिसऱ्यात ऑर्विल आला, तो कागद भिजला.

पत्र टपालाने पाठवावं. शेजारच्या घरात टपाल पोचायला तीन दिवस लागतात. तेवढ्यात माझीही तयारी होईल. घरात तिकिटं नाहीत. सोमवारी आणते.

३० ऑक्टोबर, रविवार

आर्डिस मागच्या बाकावर बसली, प्रार्थना संपायच्या आत निघूनही गेली. मी कॉफीच्या टेबलाशी उभी राहून खरं काय ते सगळ्यांना सांगितलं. दोन्ही बाजू, जमा, खर्च, सगळं. ऐकता ऐकता त्या भोपळ्याच्या ब्रेडकडे वळल्या. आयरीन म्हणाली, हो, पण काहीतरी असल्याशिवाय लिहितात का? मी म्हणाले, अगं, नियमच तसा आहे. ती म्हणाली, तूच तर सांगितलंस की पैसे घेतले!

गेल्या रविवारी मी एक वाक्य बोलले, ते गावभर झालं. आज पंधरा मिनिटं बोलले, ते तळघराच्या बाहेर गेलं नाही.

३१ ऑक्टोबर, सोमवार

पोस्ट बंद होण्याच्या वेळी पोचले. उद्या.

१ नोव्हेंबर, मंगळवार

ड्वेनचा फोन. म्हणाला, आर्डिसची जागा रिकामी आहे आणि मतदान आठवड्यावर आलंय. तुझ्याइतकी नियम जाणणारी गावात दुसरी कोण आहे? सगळे म्हणतात, लव्हर्न ते सगळे कागद वाचते.

मी नाही म्हणायला तोंड उघडलं. तो म्हणाला, दिवसाचे शंभर डॉलर मिळतात, शिवाय सँडविच.

हो म्हणाले. पैशासाठी नाही. विचार केला, आर्डिस मत द्यायला येणारच, चुकणारी नाही. मी टेबलाशी असेन, ती समोर उभी असेल, तेव्हा चार लोकांच्या देखत तिची माफी मागेन. चार लोकांत बोलले, चार लोकांत मागे घेतलं पाहिजे. पत्रापेक्षा हे शंभरपट चांगलं. पत्राचे कागद चुलीत घातले.

५ नोव्हेंबर, शनिवार

ड्वेनने दोन तास सगळं शिकवलं. टेबलाशी बसलेल्याने राजकारणाबद्दल एक अक्षर बोलायचं नाही. मी विचारलं, माफी राजकारणात धरतात का? तो म्हणाला, कसली माफी? मी म्हणाले, असंच, नियम माहीत असावेत.

आर्डिसच्या दिव्याकडे पाहत बसले. कुंपण ओलांडायला एक मिनिटही लागत नाही. पण आता मंगळवारचं ठरलंच आहे, तर मध्येच जाऊन त्याची मजा घालवू नये.

मजा हा शब्द चुकला. दुसरा सुचत नाही.

८ नोव्हेंबर, मंगळवार

सकाळी सात ते रात्री आठ. पाय सुजले आहेत. थोडक्यात लिहिते.

वाक्य पाठ केलं होतं. आर्डिस, मी चुकीचं वाचलं आणि चुकीचं बोलले, मला माफ कर. आरशासमोर नीट यायचं.

साडेदहाला ती आली. चांगला निळा कोट घातला होता. नेहमी टेबलाच्या अलीकडच्या बाजूला बसणारी बाई पलीकडे उभी राहिली. तिने माझ्याकडे पाहिलं. चिडलेली नव्हती, तेच वाईट होतं. मी बोलावं म्हणून ती थांबली. खरंच थांबली होती, मी खोटं लिहीत नाही.

नियम असा आहे की ओळखीचा असो, सख्खा असो, नाव आणि पत्ता मतदाराने स्वतःच्या तोंडाने सांगायचा. मी म्हणाले, नाव आणि पत्ता सांगा.

तिने पर्स टेबलावर ठेवली. मग स्वच्छ आवाजात, परक्या कचेरीत सांगावं तसं म्हणाली, आर्डिस रुड. चारशे बारा, चर्च रोड.

मी चारशे दहात राहते.

मी म्हणाले, ओळखपत्र? तिने पर्स उघडून दाखवलं. मी फोटोकडे पाहिलं, मग तिच्याकडे पाहिलं, शिकवलं होतं तसं. म्हणाले, बरोबर आहे. यादी तिच्यासमोर सरकवली, तिने सही केली. तिचा नंबर सत्त्याऐंशी, ती चिठ्ठी तिला दिली. ती थँक यू म्हणाली आणि मत द्यायला गेली. बाहेर पडताना इकडे वळली नाही.

मागे रांग होती, म्हणून बोलता आलं नाही.

रांगेत एक जण होता. तो चष्मा शोधत होता.